कुठलं बरं

कंपाउंडरकाकांच्या वरच्या खोलीत औषधांचं शिकणारी तीन पोरं भाड्याने राहत. रात्री जेवणं आटोपली की ती खाली येऊन पायऱ्यांवर बसत आणि काकांना छळत. त्या रात्री गल्लीतली वीज गेली होती, त्यामुळे छळाला जास्तच रंग चढला.

"काका, पस्तीस वर्षं दवाखान्यात काढलीत. कधी काही पाहिलंत का?"

"मी? मला अंथरुणाला पाठ लागली की झोप. मला कोण दिसणार?" काका म्हणाले. "पण माझ्या ओळखीचा एक वेल्डर होता. त्याने पाहिलं नाही, ऐकलं. आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो मुळात बोलणाराच नव्हता."

पोरं हसली आणि एक पायरी खाली सरकली.

काका सांगू लागले. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवार, सात तारीख, संध्याकाळी सातच्या सुमारास वेल्डर दवाखान्यात आला. औषध न्यायला आला होता, एवढंच. कडेवर चार वर्षांची धाकटी, तापाने फणफणलेली, मान बापाच्या खांद्यावर टाकून. डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, कापसाची काडी फिरवली, तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि दहा हा आकडा दोनदा गिरवला. ताप उतरला तरी दहा दिवस. एक दिवस कमी नाही.

काकांनी पावडरीच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत ओतलं, बाटली खळखळून हलवली. आत गुलाबी औषध तयार झालं.

"सकाळी दहा, रात्री दहा. मापाची टोपी भरून."

वेल्डर बाटलीकडे बघत राहिला. "हिला विचारणार नाही," तो म्हणाला.

"काय विचारणार नाहीस?"

"घेतेस का, कसं वाटतंय... काही नाही. द्यायचं फक्त."

तो असं का म्हणतोय, ते काकांना ठाऊक होतं. त्याच्या पाच वर्षं आधी तो असाच थोरलीला घेऊन आला होता. सहा वर्षांची, तोंडाने फटाकडी. हाच घसा, हेच औषध. पहिली टोपी तिने काउंटरपाशी स्टुलावर चढूनच घेतली आणि रिकामी टोपी काकांपुढे उपडी ठेवली. "संपलं बघा काका. एक थेंब नाही." घरीही तसंच. प्रत्येक वेळी टोपी उपडी, प्रत्येक वेळी कुणीतरी बघायला हवं.

तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. चौथ्या रात्री वेल्डर घराला लागून असलेल्या शेडमध्ये एक फाटक पुरं करत होता. सकाळी गिऱ्हाईक येणार होतं. तोंडावर मास्क, हातात रॉड. त्याने तिथूनच हाक मारली, "औषध देऊ का गं, की बरं वाटतंय?"

आतून उत्तर आलं, "बरं."

"मग?" एका पोराने विचारलं.

"मग काय. याला वाटलं, बरं वाटतंय. याने मास्क खाली ओढला आणि कामाला लागला. बाटली फळीवर गेली, ती तिथेच राहिली."

"पण काका, ती 'बरं, द्या' अशा अर्थानेही म्हणाली असेल."

"हं," काका म्हणाले. "तेच त्याला कळत नव्हतं. पाच वर्षं."

औषध अर्धवट सुटलं आणि घशातलं दुखणं आत तसंच राहिलं. तीन आठवड्यांनी थोरलीचे गुडघे सुजले. मग घोटे. मग दुखणं हृदयाच्या झडपांपर्यंत गेलं. वर्ष संपायच्या आत पोर गेली. त्याच्या पुढच्या वर्षी धाकटी झाली. थोरलीचा फोटो बायकोने ट्रंकेत तळाशी ठेवला होता, आणि धाकटीपुढे तिचा विषय कुणी काढत नसे. वेल्डरने घरातून फक्त एक गोष्ट काढून टाकली, तो शब्द. हो म्हणा, ठीक म्हणा, चालेल म्हणा. बरं म्हणायचं नाही. गिऱ्हाईक "बरं, येतो" म्हणालं तरी त्याच्या हातातला रॉड थबकायचा.

त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला होती. शुक्रवारी निघताना ती दारात घुटमळली.

"अहो, जमेल ना? मी दहाला फोन करते."

"करू नकोस. जमेल."

आणि त्याला जमलंही. लोखंडाची सवय असलेल्या हातांनी तो ती एवढीशी टोपी डोळ्यांच्या पातळीला धरून रेघेपर्यंत भरायचा. धाकटीचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा. जुना दात घासायचा ब्रश त्याने दुसऱ्या दिवशी फेकून दिला. गार दूध, कुस्करलेला बटाटा, दर दोन तासांनी कपाळाला हात. कोमट मिठाच्या पाण्याची गुळणी तिला जमत नव्हती. ती घुर्र घुर्र करायची आणि सगळं गिळून टाकायची.

"जनरेटर सुरू झाला," तो म्हणायचा.

"पेट्रोल संपलं," ती म्हणायची आणि पेला पुढे करायची.

सोमवारी ताप पार गेला. पोरगी खाटेवर उड्या मारू लागली. दुपारी सासूबाईंचा फोन आला.

"उतरला ना ताप? मग कशाला त्या एवढ्याशा पोटात औषधं कोंबताय?"

"दहा दिवस."

"लेकराला विचारा तरी, कसं वाटतंय."

"नाही विचारणार," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या रात्री दहा वाजता त्याने बाटली हलवली. घर आणि शेडच्या मधल्या दाराला आतून कडी, कडीला कुलूप. किल्ली दोऱ्यात ओवून त्याच्याच गळ्यात. त्या दारापलीकडून, लांबून, कुणीतरी म्हणालं...

"बरं."

गल्लीतलं कुणी असेल, असं म्हणून त्याने टोपी धाकटीच्या तोंडाला लावली.

मंगळवारी रात्री पुन्हा. या वेळी आवाज लांबून नव्हता. दाराला अगदी चिकटून होता. पोरीचा आवाज. धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले आणि दाराकडे बोट केलं.

"काय झालं?"

"ताई बरं म्हणते."

तिला ताई होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने तिचं नाक चिमटीत धरलं, तोंड उघडायला लावलं, औषध दिलं. ती रडली. तो रात्रभर जागा राहिला. सकाळी बायको आल्यावर त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती दार उघडून आत गेली असती. आईच ती.

बुधवार, बारा तारीख. रात्रीचे नऊ वाजून त्रेपन्न मिनिटं.

दिवा चालू होता. पंखा चालू होता. सगळं जिथल्या तिथे.

त्याने बाटली उचलली. हलवली.

"बरं."

त्याने टोपी भरली.

"बरं..."

कडी हलली. वाऱ्याने हलावी तेवढीच. वारा नव्हता.

धाकटी खाटेवरून उतरली. अनवाणी. दाराकडे निघाली. कुणीतरी बोट धरल्यासारखा तिचा हात पुढे...

त्याने टोपी खाली ठेवली. दोन ढांगांत पोरीला उचललं. मांडीवर घेतलं. डाव्या हाताचा विळखा घातला. तापलेलं लोखंड सांडशीत धरावं, तसं धरलं. हलू दिलं नाही.

मग दाराकडे बघून बोलला. आवाज न चढवता.

"ऐक. तू माझी असशील, नाहीतर दुसरं काही असशील. त्या रात्री मी विचारलं, ती माझी चूक. तुझी नाही. हिला मी विचारलेलं नाही, आणि तुलाही विचारणार नाही, कुठलं बरं. बरं वाटतंय तरी औषध. बरं, द्या तरी औषध. या घरात आता दोन्हीला उत्तर एकच आहे. हिचे दहा दिवस मी पुरे करणार. तू रोज ये. रोज म्हण. मी रोज देणार."



त्याने टोपी उचलली. धाकटीने तोंड उघडलं. आपणहून. औषध गिळलं.

कडी हलायची थांबली. पण पलीकडे कुणीतरी उभं होतं. ते त्याला पाठीच्या कण्यात कळत होतं. कुणीतरी... थांबलेलं.

तो बराच वेळ तसाच बसला. पोरगी मांडीवर झोपली, तेव्हा त्याने तिला खाटेवर ठेवलं. मग फळीवरची जुनी बाटली खाली काढली. पाच वर्षांची धूळ. तिच्यावरची टोपी काढून धुतली, पुसली. नव्या बाटलीतलं औषध तीत रेघेपर्यंत भरलं. एक थेंब कमी नाही.

कुलूप काढलं. दार उघडलं.

अंधार. जळक्या लोखंडाचा वास. दुसरं काही नाही.

त्याने भरलेली टोपी कामाच्या टेबलावर ठेवली. सरळ.

"हे तुझं," तो म्हणाला. "त्या रात्रीचं राहिलेलं. माझी असशील तर घे. नसशील तर हात लावू नकोस. आणि हिच्या वाटेला जायचं नाही. कुणीच."

दार लावलं. कुलूप घातलं. दाराला पाठ टेकून सकाळपर्यंत बसून राहिला. आवाज आला नाही. त्या रात्री नाही आणि पुढेही कधी नाही.

काका थांबले. पोरं आणखी एक पायरी खाली सरकली.

"गुरुवारी दवाखाना उघडताच तो माझ्यापुढे उभा. म्हणाला, एक टोपी कमी पडणार, दुसरी बाटली द्या. मी म्हटलं, सांडलं का? म्हणाला, नाही. दिलं. कुणाला ते त्या दिवशी बोलला नाही. सतरा तारखेला सकाळी दहाला धाकटीची विसावी टोपी झाली. दुपारी तो आला, स्टुलावर बसला आणि मग सगळं सांगितलं. एका दमात. एवढं बोलताना मी त्याला परत कधी पाहिलं नाही."

"आणि धाकटी?"

"पाचवीत आहे. शाळेत पळायच्या शर्यतीत तिच्या पुढे कुणी नसतं. बाप तिला अजून काहीही विचारत नाही, त्यावरून दोघांची रोज भांडणं."

शेवटच्या पायरीवरच्या पोराने विचारलं, "काका, ती टेबलावरची टोपी?"

काका घरात जायला उठले.

"गुरुवारी उजाडल्यावर त्याने कुलूप काढलं. किल्ली रात्रभर त्याच्याच गळ्यात होती, शेडचं बाहेरचं दारही आतून बंद. टोपी होती तिथेच होती. गोड औषध ते, टेबलावर एक मुंगी नाही. खाली एक थेंब सांडलेला नाही..."

"मग?"

"टोपी उपडी होती."