तपकिरी पियानोची पारख

मी पियानोखाली उताणी पडले होते. हातात टॉर्च, केसांत कोळिष्टकं... आणि अचानक डोक्यावर कुणीतरी दोन्ही हातांनी सूर आपटले!

"अहो, थांबा! मी आहे खाली!"

सूर थांबले. पेडलांशेजारून एक चेहरा डोकावला. उलटा, आणि हसरा.

"पियानोबरोबर मुलगीपण मिळते हे माहीत नव्हतं... किंमत तीच ना?"

"बाजूला व्हा आधी," मी फणकारले, आणि उठताना माझंच डोकं आपटून घेतलं.

त्याचं नाव अन्सेल्मो. समोरच्या बोहोल बेटावर, एका गावच्या शाळेत गाणं शिकवायचा. शाळेसाठी ग्रँड पियानो घ्यायला सकाळच्या बोटीनं आमच्या सेबू शहरात आला होता. जपानमधले जुने पियानो कंटेनरमधून आमच्या गोदामात यायचे आणि स्वस्तात विकले जायचे. मालकाला सगळे मानोय तेरोय म्हणत, म्हणजे तेरोयदादा. पियानो तपासायचे, सुरात लावायचे, हे माझं काम.

अन्सेल्मोची नजर काळ्या पियानोवरून हलत नव्हती. आरशासारखा चकचकीत होता तो.

"कसा आहे हा, दाय?" त्यानं विचारलं. आमच्याकडे अनोळखी मुलीलाही 'दाय' म्हणतात, पण त्याच्या तोंडून ते उगीचच गोड वाटलं.

मानोय तीन पावलांवर किल्ल्या खुळखुळवत उभे होते. "दिसायला... छान आहे," मी म्हणाले.

"दिसायचं नाही विचारलं मी."

मी काय बोलणार? त्या पियानोच्या तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या ज्या लाकडात बसवलेल्या, ते लाकूडच आतून चिरलं होतं. "गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी सूर लाव, फिना. पुढचं पुढे," असं मानोय म्हणाले होते, आणि मी लावले होते. आज मधासारखा वाजेल. चार दिवसांनी भांडी पडल्यासारखा.

तेवढ्यात पत्र्यावर पाऊस कोसळला. स्वतःचा आवाजही ऐकू येईना. अंगणात उतरवलेला माल झाकायला मानोय धावले. आम्ही दोघंच उरलो.

त्यानं पिशवीतून बिबिंगका काढली. केळीच्या पानातला केक, अजून कोमट. अर्धा तुकडा माझ्यापुढे धरून तो वाकला.

"काय खुपतंय तुम्हाला? मघापासून तुमचं बोट नुसतं टकटक करतंय."

"काही नाही."

"खोटं बोलताना तुम्ही डावीकडे बघता."

मी गडबडीनं उजवीकडे बघितलं. तो हसला. मला मात्र हसू येईना. माझे बाबा तीस वर्षं चर्चमधले पियानो लावत हिंडले. एका दिवसापुरता सूर त्यांनी कधी लावला नाही...

मी सूर लावायची किल्ली त्याच्या हातात दिली. "ही काळ्याच्या खुंटीवर बसवा. फिरवा जरा."

गरम भातात चमचा फिरावा तशी खुंटी फिरली. त्याचं हसू मावळलं.

"आता तो." कोपऱ्यात एक तपकिरी पियानो होता. उन्हानं डागाळलेला, झाकणाची बिजागरी तुटलेली. त्यानं जोर लावला.

"हलत नाही हो!"

"सहज हलायलाच नको."

"पण दिसायला अगदीच..."

"तुमचा शर्टही खांद्यावर उसवलाय. मी काही बोलले का?"

त्यानं खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जरा जास्तच वेळ.

पाऊस थांबला. मानोय आत आले. "मग? काळाच ना?"

"तपकिरी," अन्सेल्मो म्हणाला.

"कुणी भरवलं हे डोक्यात?"

तो माझा बचाव करायला तोंड उघडणार — त्याआधीच मी म्हणाले, "मी."

"उद्यापासून येऊ नकोस, फिना."

धक्क्यावर ताडपत्रीत गुंडाळलेला पियानो बोटीवर चढेपर्यंत मी उभी होते. कशासाठी, कोण जाणे.

"माझ्यामुळे तुझी नोकरी गेली," तो म्हणाला. 'तुमची'ची 'तुझी' कधी झाली, दोघांनाही कळलं नाही.

"माझ्या जिभेमुळे गेली. आणि ऐक, तीन आठवडे त्याचे सूर लावू नकोस. तुमच्याकडच्या हवेची सवय होऊ दे त्याला."

"आणि मी... मी कशाची सवय करून घेऊ?"

बोटीचा भोंगा वाजला. बरं झालं. "पळ, बोट सुटेल," मी म्हणाले.

मग मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून घरोघर, चर्चोचर्च हिंडू लागले. कामं मिळत होती, चित्त लागत नव्हतं. धक्क्यावर त्यानं माझा नंबर घेतला होता; फोन वाजला की धावायचे. कधी चर्चचे फादर, कधी मावशी. रात्री कूस बदलत पडायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

विसाव्या दिवशी त्याचा निरोप आला. 'मधला एक सूर साफ बिघडलाय. काय करू?'

पारख चुकली माझी? शाळेचा पैसा बुडवला मी? सकाळची पहिली बोट पकडली.

शाळेच्या हॉलमध्ये मी एकेक पट्टी दाबत गेले. सगळे सूर जरासे उतरलेले, ठीक होतं. एकच सूर किंचाळत होता. मी किल्ली काढली, त्याच्या खुंटीवर टॉर्च मारला. खुंटीच्या कडा चावल्यासारख्या झिजल्या होत्या.

"इथे पक्कड कुणी लावली?"

अन्सेल्मो खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बघत होता.

"अन्सेल्मो!"

"मी..."

"का?"

"बाकी पियानो ठणठणीत होता ना..." त्याचे कान लाल झाले. "मग काय सांगून बोलावणार होतो तुला?"

"'ये' म्हणायचं!" मी ओरडलेच. "एक अक्षर! वीस दिवस त्या एका अक्षराची वाट बघतेय मी... आणि तू चांगल्या खुंटीला पक्कड लावतोस?"

बोलून गेले, आणि जीभ चावली.

तो जवळ आला. माझ्या हातातली किल्ली काढून त्यानं पियानोवर ठेवली.

"ये," तो हळूच म्हणाला.

"आलेय ना," मी म्हणाले.