खुणेच्या वर

आईच्या कपाटातल्या शेवटच्या बाटल्यांमध्ये औषध नव्हतं.

थोरली खालचा कप्पा रिकामा करत होती. पित्ताच्या पातळ औषधाच्या रिकाम्या बाटल्या एकेक करून पिशवीत जात होत्या. मग एक जड लागली. तिने झाकण उघडलं. आत लाल, पारदर्शक द्रव. वास औषधाचा नव्हता, तेलाचा होता. मागे तशाच आणखी दोन बाटल्या होत्या. आणि आईला नळीतून पेज द्यायची मोठी सिरिंज. तिची नळी आतून लालसर झाली होती.

थोरलीने बाटली उजेडात धरली. घरात असा लाल द्रव फक्त एकाच गोष्टीत होता. खाली उभ्या असलेल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये.

त्या गाडीवरून घर फुटलं होतं. गाडीने पृथ्वीला कितीतरी फेऱ्या घातल्या असतील, पण गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं नव्हतं. धाकट्या भावाने ते बदलून आणलं. वडील नको म्हणत होते. त्याच आठवड्यात आईला श्वास घेता येईना. हॉस्पिटलच्या चढावर इंजिन नुसतं गरगरत राहिलं, गाडी हलेना. ॲम्ब्युलन्स आली तोवर उशीर झाला होता. वडील भर माणसांत धाकट्याला म्हणाले, "तू मारलंस तिला." तेव्हापासून तो घरी आला नव्हता. आता त्याने लांब बदली मागून घेतली होती. उद्या निघणार होता. आणि उद्याच वडिलांनी भंगारवाल्याला बोलावलं होतं.

थोरली बाहेर आली. वडील पेपर समोर धरून बसले होते.

"बाबा, गाडी एकदा दुसऱ्या कोणाला दाखवायची का?"

"कशाला? मेलेल्याची नाडी बघायला?"

"ऑइल कमी होतं का?"

"कमी? मी स्वतः ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढून पाहिली होती. खुणेच्या चांगलं वर होतं. त्या गॅरेजवाल्याने हात सैल सोडून ओतलं असणार."

"कधी पाहिलंत?"

"सकाळी. गाडी थंड असताना, इंजिन बंद. जन्मभर पाणीपुरवठ्याची इंजिनं सांभाळली मी, मला शिकवतेस?"

"आणि गाडी गळत होती?"

"एक थेंब नाही," वडील म्हणाले. मग त्यांनी पेपर उलटला.

गॅरेजवाला तिला पाहताच हातातलं काम ठेवून उभा राहिला.

"ताई, तुम्हीपण शिव्या द्यायला आलात?"

"आधी उत्तर दे, मग ठरवते. ऑइल खरंच बदललंस?"

"बदललं. जुनं काळं पडलं होतं."

"जुन्या गाडीचं बदलू नये म्हणतात."

"आतून झिजलेली असली तर मीही नको म्हणतो. म्हणून आधी तळ उघडून पाहिला. लोखंडाचा चुरा नव्हता. मग तुमच्या भावाला घेऊन हॉस्पिटलच्या त्याच चढावर चालवून पाहिली. लोण्यासारखी चढली."

"जास्त भरलं गेलं असेल?"

"छे. गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून मोजतो आम्ही. बंद केली की वरचं ऑइल खाली उतरतं, पातळी फुगलेली दिसते. या गाडीत इंजिनच्या ऑइलसारखं बघून चालत नाही."

थोरलीची नजर कोपऱ्यातल्या नरसाळ्यावर थांबली.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. एक नरसाळं देशील?"

संध्याकाळी तिने धाकट्याला बोलावलं. तो फाटकाशीच उभा राहिला. वडील जिन्यातून उतरले ते कुरकुरतच.

"हा कशाला इथे?"

"ऐकायला. तुम्हीही ऐका." तिने तिन्ही बाटल्या बॉनेटवर मांडल्या. "हे गिअरबॉक्सचं ऑइल आहे. नवंकोरं. म्हणजे ते बदललं गेलं होतं, गॅरेजवाला खोटं बोलला नाही. गाडी गळत नाही, म्हणजे ते कोणीतरी बाहेर काढलं. डिपस्टिकच्या भोकातून, आईच्या सिरिंजने."

"सिरिंज तिघंही वापरायचो आपण," धाकटा म्हणाला.

"हो. पण ऑइल जास्त झालंय असं आपल्यात एकालाच वाटत होतं. कारण त्याने ते इंजिन बंद असताना पाहिलं."

वडिलांनी बॉनेटवर हात टेकला.

थोरलीने त्यांच्याकडे किल्ली मागितली. गाडी सुरू केली, तापू दिली. चालू इंजिनवर डिपस्टिक काढली. टोक कोरडं होतं. मग नरसाळ्यातून तिन्ही बाटल्या आत ओतल्या. धाकटा गाडीत बसला. गिअर टाकला. गाडी फाटकाबाहेरचा चढ सहज चढून गेली, आणि उलटी येऊन होती तिथे थांबली.

"चूक कोणाच्याही हातून होते, बाबा," थोरली म्हणाली. "मला छळतंय ते वेगळंच. भंगारवाल्याची एवढी घाई का? तुम्हाला कधी कळलं?"



"गाडी ओढून आणली त्या दिवशी," वडील म्हणाले. "ओढून आणणाऱ्या माणसाने इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढली. कोरडी. तो म्हणाला, आजोबा, यात ऑइल कुठाय? तोवर मी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो."

"आणि मग?"

"वाटलं, हा भांडेल. गॅरेजवाल्याला घेऊन येईल, मला खोटं पाडेल. हा भांडलाच नाही."

धाकटा गाडीतून उतरला. त्याचा आवाज अगदी हलका होता.

"त्या चढावर मी मागे वळून आईला म्हणालो, माझ्यामुळे झालं, मला माफ कर. तिला बोलता येत नव्हतं. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. तुम्ही तिच्या शेजारीच बसला होतात, बाबा."

"पाहिलं मी."

"माफीचा तो हात तुमच्या वाट्याचा होता. मी नेला."

वडिलांनी मान खाली घातली. थोरलीला वाटलं, धाकटा आता जाईल. त्याने फाटकाकडे पाहिलंही. मग त्याने पुढचं दार उघडलं, आत हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली वडिलांपुढे धरली.

त्यांना ती घेता येईना. त्यांनी धाकट्याची मूठ किल्लीवर मिटवली.