काढलेली दाढ दुखते आहे

“मॅडम, जी दाढ तुमच्या सासूबाईंच्या तोंडात नाहीच, तिचं रूट कॅनल कसं होणार?”

फोनवर विमा कंपनीच्या तपास विभागातला पवनकुमार होता. नीलिमाने समोर पाहिलं. सुशीलाबाई डायनिंग टेबलाशी बसल्या होत्या, उजव्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा धरून. डोळ्यांत पाणी.

“दाढ नाही? म्हणजे?”

“गेल्या वर्षी जे. पी. नगरच्या डॉक्टर हयवदनांकडे त्यांची उजवी खालची दाढ काढली. त्याचा क्लेम आम्ही मंजूर केला. आता त्याच दाढेच्या रूट कॅनलला तुम्ही परवानगी मागताय. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. तुमच्या ऑफिसला आम्ही कळवलं आहे.”

फोन बंद झाला. नीलिमाने मोबाइलचा टॉर्च लावला.

“आई, जरा आ करा.”

दाढ जागच्या जागी होती. कडेला काळी पडलेली, हिरडी सुजलेली. नीलिमाने चमच्याच्या टोकाने हलकेच टेकवलं, आणि सुशीलाबाई अशा किंचाळल्या की बनशंकरीची अर्धी गल्ली खिडकीत आली असेल.

“नसलेली दाढ इतकी दुखते होय गं?” बोळा परत दाबत त्या म्हणाल्या.

नीलिमा मूळची पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हेच तिचं काम. सुशीलाबाईंच्या सासरची मंडळी मात्र कैक पिढ्यांपासून बेंगळुरूची, शिवाजीनगरात कापडाचं दुकान असलेली. साध्या आरोग्यविम्यात दातांचं काही बसत नाही, म्हणून नीलिमाने ऑफिसमार्फत सगळ्या कुटुंबासाठी दातांचं वेगळं कव्हर घेतलं होतं. नवरा मल्हार कुरकुरला होता. तिने ऐकलं नाही. तीन प्लॅन शेजारी शेजारी मांडून, अटी वाचून एक निवडला. त्यातली एक अट तिला खटकली होती, पण ती सगळीकडेच होती: विमा घेण्याआधीच जो दात पडलेला आहे, त्याच्या जागेसाठी काही मिळणार नाही.

आईंचे सगळे दात शाबूत आहेत, असं तेव्हा तिने ठामपणे सांगितलं होतं.

---

दुसऱ्या दिवशी एचआरच्या श्वेताने केबिनचं दार लावून घेतलं.

“नीलिमा, उगाच ताणू नकोस. ‘अनवधानाने चूक झाली’ एवढं लिहून दे. कव्हर बंद होईल, पण विषय मिटेल.”

“चूक कोणाची?”

“तुझी. म्हणजे, कागदोपत्री.”

“मी केलेलीच नाही, तर लिहून कशी देऊ?”

“फ्रॉडचा शिक्का लागला तर या शहरात दुसरी नोकरी मिळेल का, विचार कर. शुक्रवारी पवनकुमार येतोय. तोपर्यंत ठरव.”

“ठरलंय,” नीलिमा उठली. “नाही लिहिणार.”

खाली रिसेप्शनशेजारी विराजचं डेस्क होतं. तो विमा एजन्सीचा माणूस. कोणाला कुठला प्लॅन बरा, क्लेम कसा भरायचा, हे हसतमुखाने समजावून सांगायचा. नीलिमालाही त्यानेच मदत केली होती.

“मी बघतो ना मॅडम,” तो कळवळून म्हणाला. “पण श्वेता मॅडम म्हणतात ते ऐका. वयस्कर माणसं विसरतात हो. त्यात तोंडात खोटा दात असला की खरा कुठला, काढलेला कुठला, काही लक्षात राहत नाही.”

“क्लेमचे कागद मला बघायला मिळतील?”

“ते कंपनीकडे असतात.”

“गेल्या वर्षी आईंच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये दातांचं शिबिर झालं होतं ना, तुमच्याच एजन्सीचं? आईंना त्याआधी आणि त्यानंतरही, ही दाढ दुखेपर्यंत, कुठल्या दातांच्या डॉक्टरने तपासलेलं नाही. तिथे काही घोळ झाला असेल?”

“त्या शिबिराला मी नव्हतो, मॅडम. व्हॅन गेली होती, डॉक्टर हयवदन होते. त्यांनाच विचारा.”

क्लेमची कागदपत्रं मागायचा हक्क विमा घेणाऱ्याला असतो. नीलिमाने थेट पवनकुमारला ईमेल केला, दोनदा फोन केला, आणि संध्याकाळी फाइल तिच्या हाती आली.

डॉक्टर हयवदनांचा शिक्का. दाढ काढल्यानंतरचा म्हणून जोडलेला सगळ्या जबड्याचा एक्स-रे. कोपऱ्यात उजवी बाजू दाखवणारं ‘R’ हे अक्षर होतं, लख्ख आणि रेखीव. बाकी चित्र धुरकट. त्या अक्षराच्या बाजूला खालच्या ओळीत एका दाढेची जागा रिकामी होती. दुसऱ्या बाजूला, हनुवटीजवळ, एक पांढरी पट्टी आणि तिच्यात स्क्रूसारखे ठिपके.

“दुसऱ्याच कोणाचा तरी फोटो लावलाय,” नीलिमा सुटकेने म्हणाली. “आई, हे बघा, या माणसाच्या जबड्यात लोखंड आहे!”

सुशीलाबाईंनी चष्मा लावला. त्या पट्टीवर बोट ठेवलं.

“हा माझाच जबडा आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. दुकानापुढे स्कूटरवरून पडले होते. हाडात पट्टी घातली.” त्यांनी पदर सरकवून हनुवटी वर केली. उजवीकडे खाली जुन्या टाक्यांचा व्रण होता.

एक्स-रे आईंचा. रिकामी जागा एक्स-रेत. आणि दाढ तोंडात.

तिने वर पाहिलं, तेव्हा सुशीलाबाई नजर चुकवत होत्या.

---

डॉक्टर हयवदनांचा दवाखाना जुना आणि नीटनेटका होता. डॉक्टर साठीचे, कपाळावर गंधाची उभी रेघ, बोलणं तुटक.

“ही दाढ मी काढली नाही,” कागद बघून ते म्हणाले. “काढली असती तर ती इथे नसती. आहे की नाही, अक्का?”

“आहे की. ठणकतीय.”

“मग हा शिक्का?” नीलिमाने विचारलं.

“माझ्या शिक्क्यासारखा दिसतोय. मी मारलेला नाही.”

“शिबिरात एक्स-रे तुम्हीच काढलात?”

“नाही. मी फक्त तपासलं. तपासणीत काय दिसलं, ते थेट विमा कंपनीच्या पोर्टलवर भरलं. एक्स-रेचं यंत्र एजन्सीच्या व्हॅनमध्ये होतं, माणूसही त्यांचाच.”

“मग तपासणीत काय दिसलं होतं?”

डॉक्टरांनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. सुशीलाबाईंनी मान खाली घातली.

“ते मी सांगणार नाही.”

“का? मी त्यांची सून आहे. माझी नोकरी चाललीय!”

“असू दे. पेशंट त्या आहेत. त्यांना विचारा.”

हा माणूस काहीतरी लपवतोय, नीलिमाच्या मनात आलं. रिक्षात बसल्यावर ती तसं बोललीही.

“त्याला नावं ठेवू नकोस,” सुशीलाबाई म्हणाल्या. “लपवतीय ती मी.”

रिक्षा सिग्नलला थांबली होती. त्यांनी रुमाल तोंडापुढे धरला, दोन बोटं आत घातली आणि हात पुढे केला. तळव्यावर गुलाबी बुडाची एक दाढ होती. काढता-घालता येणारी. खोटी.

“डावी खालची. तू घरात येण्याआधीपासून नाही. तू आलीस पुण्याची, शिकलेली, असे मोत्यासारखे दात. मला वाटलं, बोळकं म्हणून हसशील मनात. मल्हारलासुद्धा ठाऊक नाही गं. प्लॅन घेताना तू ‘सगळे दात शाबूत’ म्हणालीस, तेव्हाही जीभ रेटली नाही माझी.”

“आई, अहो, मी कशाला हसेन?”

“सरी, बरं, आता कळलं ना? घे, रागाव.”

नीलिमा रागावली नाही. ती त्या दाढेकडे बघतच राहिली. मग तिने घाईने विचारलं, “शिबिरात ही काढली होती?”

“यंत्रापुढे उभं राहताना काढायला लावली. व्हॅनमध्ये मी आणि तो यंत्रावरचा, दोघंच. रुमालात बांधून ठेवली मी.”

“डॉक्टरांनी बघितली?”

“नाही. त्यांच्यापुढे गेले तेव्हा रुमाल पिशवीत होता. त्यांना नुसती रिकामी जागा दिसली.”

“यंत्रावरचा माणूस कसा होता?”

“तोंडाला मास्क. डोळे तेवढे दिसले. पण बोलायला फार गोड.”

नीलिमाने मोबाइलवरचा एक्स-रे पुन्हा उघडला. हनुवटीजवळची पट्टी. सासूबाईंच्या हनुवटीखालचा व्रण. ती हसली. त्या फोननंतर पहिल्यांदा.

---

शुक्रवारी मीटिंग रूममध्ये पवनकुमार, श्वेता आणि विराज आधीच बसले होते. नीलिमाबरोबर सुशीलाबाई आत आल्या, तशी श्वेताच्या कपाळाला आठी पडली.

“यांना कशाला त्रास दिलास?”

“दाढ माझी आहे,” सुशीलाबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. “तिच्याविना तिची मीटिंग कशी होईल?”

श्वेताने टाइप केलेला माफीनामा नीलिमापुढे सरकवला. नीलिमाने तो उलटा करून ठेवला.

“पवनकुमार, आधी एक सांगा. हा एक्स-रे यांचाच, हे तुम्ही कशावरून ठरवलं?”

“जबड्यातल्या पट्टीवरून. तपासणीच्या नोंदीत जुन्या अपघाताचा उल्लेख आहे.”

“पट्टी एक्स-रेत कुठल्या बाजूला दिसते?”

त्याने ‘R’ पाहून बोट फिरवलं. “डावीकडे.”

“आई.”

सुशीलाबाईंनी हनुवटी वर केली. पवनकुमार पुढे वाकला. व्रण उजवीकडे होता.

पवनकुमारने एक्स-रे पुन्हा जवळ ओढला.

“एक्स-रे खरा आहे, फक्त आरशात धरल्यासारखा उलटा केलाय,” नीलिमा म्हणाली. “म्हणून पट्टी उजवीकडून डावीकडे गेली, आणि रिकामी जागा डावीकडून उजवीकडे आली. चित्र उलटं केलं की त्यावरचं अक्षरही उलटं होतं. म्हणून ते कापून टाकलं आणि नवं टाइप केलं. बघा, सगळं धुरकट आहे, ते अक्षर तेवढं लख्ख.”

“पण डावीकडे रिकामी जागा कुठे आहे?” श्वेताने विचारलं. “तूच फॉर्ममध्ये सगळे दात शाबूत लिहिलंस.”

नीलिमा थबकली. हे सांगणं तिच्या हातात नव्हतं. तिने सासूबाईंकडे पाहिलं.

सुशीलाबाईंनी या वेळी रुमाल धरला नाही. सगळ्यांसमोर तोंडात बोटं घातली, खोटी दाढ काढली आणि त्या गुळगुळीत टेबलावर ठेवली.

“इथे आहे. आपल्या सुनेपासून एवढी वर्षं लपवली. आता बघा सगळ्यांनी. माझ्या लाजेपायी तिच्यावर चोरीचा आळ येऊ देणार नाही मी.”

पवनकुमारने लॅपटॉप उघडून शिबिराची नोंद काढली आणि आजवर न पाहिलेला दातांचा रकाना वाचला. त्याचा चेहरा बदलला. “डॉक्टर हयवदनांनी तेव्हाच भरलंय. डावी खालची दाढ नाही. उजवी आहे.”

“म्हणूनच चित्र उलटं करावं लागलं,” नीलिमा म्हणाली. “डावी जागा आधीपासूनची. तिचे पैसे मिळाले नसते. उजवी नव्याने काढली असं दाखवलं की मिळणार. त्याचं नशीब फुटकं, तीच उजवी दाढ आता किडली.”

“डॉक्टरांनी केलं असेल,” विराज पटकन म्हणाला. “शिक्का त्यांचा आहे.”

“उजवी दाढ आहे असं स्वतः कंपनीला कळवून मग ती काढल्याचा क्लेम ते कशाला करतील? त्यांनी काय कळवलंय हे ज्याला माहीत नव्हतं, त्याचं हे काम. आणि ज्याच्याकडे मूळ एक्स-रे होता, त्याचं.” नीलिमा त्याच्याकडे वळली. “विराज, आईंना खोटा दात आहे, हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी... मी कधी म्हणालो?”

“तुझ्या डेस्कपाशी. मला समजावत होतास. खोटा दात असला की माणूस विसरतो म्हणून. तेव्हा ते मला माहीत नव्हतं, यांच्या मुलालाही नव्हतं. कुठल्याही फॉर्मवर नाही. डॉक्टरांनाही फक्त रिकामी जागा दिसली. तो दात बघितला एकाच माणसाने, व्हॅनमध्ये यंत्रावर जो उभा होता त्याने. आणि तू तर म्हणालास, शिबिराला मी नव्हतोच.”

विराजच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, पण आता ते चिकटवल्यासारखं दिसत होतं.

“मास्क लावून एकदा बोल रे बाळा,” सुशीलाबाई म्हणाल्या. “‘अक्का, स्वल्प मान वर करा,’ असं म्हणाला होतास. म्हण बघू परत.”

पवनकुमारने फोन लावला. क्लेमचे पैसे कुठे गेले, असं विचारलं. उत्तर ऐकताना त्याची नजर विराजवरून हलली नाही.

“खातं दवाखान्याच्या नावाचं आहे,” फोन ठेवत तो म्हणाला. “पण उघडलेलं एजन्सीच्या पत्त्यावर, तुझ्या सहीने.”

विराज खुर्चीत मागे टेकला. “म्हाताऱ्यांचे दात कोण मोजतं, सर?” तो पुटपुटला. “विचारलं तर घाबरून लिहून देतात. आजवर सगळ्यांनी दिलं.”

“सगळ्यांनी?” नीलिमाचा आवाज चढला. “म्हणजे अजून आहेत?”

श्वेताने घाईघाईने माफीनामा उचलला. “हे बघ नीलिमा, झालं ते वाईट झालं. तुझं कव्हर चालू राहील, आईंचं रूट कॅनलही होईल. पण आपण हे इथेच मिटवू या. बाहेर बोभाटा नको.”

“मिटवायचं? त्या शिबिरात आमच्या मंडळाच्या पन्नासेक बायका होत्या,” सुशीलाबाई म्हणाल्या. उजवा गाल सुजलेला, डावीकडे बोळकं, तरी शब्द खणखणीत. “पोलिसांत जायचं ते आम्ही सगळ्या मिळून जाऊ. तुम्ही फक्त हे दार उघडं ठेवा, सगळ्यांना ऐकू दे.”

त्यांनी खोटी दाढ टेबलावर तशीच राहू दिली, कमरेचा फोन काढला आणि नंबर लावला.

“हलो, पद्मावतीअक्का? मी सुशीला. हातातलं काम ठेव. आरशापुढे उभी राहा, आ कर, आणि दात मोजून मला सांग.”