समुद्राकडे तोंड करून

काइबारिएन गावाच्या समुद्रकाठी, जुन्या साखरेच्या वखारींच्या पुढे, जिथे पाण्याच्या कठड्यालगतचा फुटपाथ जरा रुंद होतो, तिथे रोज सकाळी म्हाताऱ्यांची कवायत भरायची. कवायत आपली म्हणायला. अर्धा वेळ हातपाय हलवणं, उरलेला वेळ चेंडूची फेकाफेक, कोडी, एखादा नाच, आणि कुणाचा वाढदिवस असला की थर्मासातली गोड कॉफी. हे सगळं ठरवायची आणि करून घ्यायची ती मायेलिन. सरकारी क्रीडाशाळेत शिकलेली, चाळिशी ओलांडलेली, आवाज असा की वखारीच्या पत्र्यावरची कबुतरं उडावीत. म्हातारे तिला बाई म्हणायचे. तिच्या वयाच्या दुप्पट वयाचे लोक, पण उशीर झाला की शाळकरी पोरांसारख्या सबबी सांगायचे.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात बसून ती आठवड्याचे खेळ ठरवायची. कुणाचा गुडघा कुरकुरतोय, कोण कुणाशी अबोला धरून बसलंय, कुणाला जोडीला कोण द्यायचं, सगळा हिशेब डोक्यात. आणि एक नियम तिच्या हाडीमाशी खिळलेला होता: गटाला पाठ दाखवायची नाही. आपण समोर उभं राहायचं, तोंडासमोर तोंड. तोंडाने ‘उजवा हात’ म्हणायचं आणि आपला स्वतःचा डावा उचलायचा, म्हणजे समोरच्यांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. नवशिक्या शिक्षकांची हमखास गफलत होते ती इथेच. मायेलिनची वर्षानुवर्षांत कधी झाली नव्हती. घरी एकटी असतानाही कुणी उजवा म्हटलं की तिचा डावा हात हलायचा.

यंदा गटात तिचे वडीलही होते. एलिहिओ, आयुष्यभर मासे धरलेला माणूस. नेरेइदा, म्हणजे मायेलिनची आई, गेल्यापासून म्हाताऱ्याने अंथरूण धरलं होतं. आजार म्हणावा तर काही नाही. जेवण पुढे केलं की दोन घास खायचा आणि भिंतीकडे वळायचा. बाप असाच डोळ्यांदेखत विझून जाणार, या भीतीने मायेलिनचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी तिने त्याला दंडाला धरून कठड्यापाशी आणलं, झाडूचा दांडा हातात दिला आणि मागच्या रांगेत उभं केलं. सगळेच झाडूचे दांडे घेऊन यायचे, व्यायामाच्या काठ्या त्याच.

“काय गं बाई, खांब कशाला रोवलास इथे?” ओनेलिया म्हणाली. ही शाळेतली निवृत्त स्वयंपाकीण, जिभेला हाड नसलेली. “दोरी बांधू का याला, कपडे वाळत घालू?”

एलिहिओ हसला नाही, रागावलाही नाही. कित्येक आठवडे तो तसाच उभा राहिला, काठी छातीशी धरून, तोंड समुद्राकडे. तोंड सगळ्यांचंच समुद्राकडे असायचं, कारण मायेलिन कठड्याला पाठ लावून उभी राहायची.

आणि मग एका सकाळी, ‘उजवा हात वर’ म्हटल्यावर त्याचा डावा हात वर गेला.

मायेलिन हरखली. हात चुकला तर चुकला, मेला हलला तर! त्या दिवशी त्याने भात मागून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावा. पायाचंही तसंच, उजवा म्हटलं की डावा. अर्धांगाचा झटका तर नाही ना, म्हणून तिने त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टरणीने त्याला हात दाबायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाली, “काही झालेलं नाही. उजवं-डावं चांगलं कळतंय याला. तुझ्याकडे बघून करतोय, एवढंच.”

बघून करतोय? मायेलिन घरी येईपर्यंत त्याच विचारात होती. ती डावा उचलते, तोही डावाच उचलतो. पण समोरच्या माणसाचं बघून कुणाचाही हात आरशासारखाच हलतो. असा हलायचा तर बघणाऱ्याने माणसाच्या मागे उभं राहायला हवं, त्याची पाठ बघत. तिने वऱ्हांड्यात उभं राहून हे दोन्ही प्रकारे करून पाहिलं. शेजारीण कुंपणावरून टक लावून बघत होती, तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

आता तिला चैन पडेना. तिने एक गंमत करायची ठरवली. सकाळी तोंडाने ‘कमरेवर हात’ म्हणाली आणि स्वतः टाळी वाजवली. गटाची नुसती तारांबळ उडाली.

“बाई, चढलीय का सकाळी सकाळी?” निवृत्त न्हावी प्रुदेन्सिओ ओरडला.

एलिहिओने कमरेवर हातही ठेवले नाहीत आणि टाळीही वाजवली नाही. त्याने काठी जमिनीवर ठेवली, सावकाश वाकला, आणि दोन्ही हातांनी काहीतरी लांब, जड असं आपल्याकडे ओढायला लागला. हात आलटून पालटून. चेहऱ्यावर शांत, लक्ष देणारा भाव. नजर मायेलिनच्या खांद्यावरून मागे.

तिने मान मागे वळवली. कठडा, उथळ हिरवं पाणी, लांबवर बेटांची रेघ, मोडक्या खुंटावर एक पाणकोळी. शेवाळाचा वास येत होता. बाकी काही नव्हतं.

ती मान परत फिरवेपर्यंत ओनेलियाही वाकून ओढत होती.

रात्रीची वाट न बघता दुपारच्या जेवणातच तिने विषय काढला. एलिहिओ तळलेली केळी मिटक्या मारत खात होता. गालावर रंग आला होता त्याच्या.

“बाबा, ते ओढायचं कुणी शिकवलं तुम्हाला?”

“शिकवतंय की तिथे.”

“कोण?”

“अगं, समोरचं.”

“समोर मी असते.”

“तू असतेसच. तुझ्या पलीकडचं म्हणतोय मी.” त्याने बशी पुसून खाल्ली. “छान शिकवतंय. घाई नाही, आरडाओरडा नाही.”

“दिसतं कसं? चेहरा कसा आहे?”

“चेहरा कुठला दिसायला? आमच्याकडे पाठ आहे त्याची.” आणि मग, जरा विचार करून, “पण वळेल.”

मायेलिनने बशा उचलल्या. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला नवलच जास्त वाटत होतं. गटाला पाठ दाखवून शिकवणारं हे कोण?

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांची तोंडं गावाकडे केली आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. कारण म्हणून उन्हाचं नाव सांगितलं. म्हातारे अडखळले, काठ्या एकमेकांवर आपटल्या. रोजचा साधा नाच, तोही कुणाला जमेना. एलिहिओ फुटपाथच्या कडेला जाऊन बसला तो उठलाच नाही. घरी आल्यावर जेवला नाही. तिने हट्टाने पुढचे काही दिवस तसंच चालवलं, आणि म्हातारा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. गाल बसले. एकदा तिने पाण्याचा पेला पुढे केला तर तो तिला ओळखत नसल्यासारखा बघत राहिला.

तेव्हा मायेलिन ओट्याशी उभी राहून रडली. काय असेल ते असो, म्हणाली ती स्वतःशी, माझा बाप जेवला पाहिजे. आणि तिने सगळ्यांची तोंडं पुन्हा समुद्राकडे केली.

एलिहिओ त्याच दुपारी दोनदा वाढून घेऊन जेवला.

यानंतर ती फक्त बघत राहिली. सूचना द्यायची, पण गट आता आपल्या लयीत चालायचा. वाकायचे, ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे. एकाचाही हात मागेपुढे होत नसे. गुडघ्याची तक्रार करणारे गुडघा विसरले होते. तिने प्रुदेन्सिओला बाजूला घेऊन विचारलं, “हे नवीन तुम्हाला कुणी दाखवलं हो?”

“थट्टा करता का बाई? तुम्हीच की!” तो डोळे मिचकावत म्हणाला. “बरं झालं, ते जुनं फार कंटाळवाणं होतं.”

ओनेलिया कॉफी ओतत होती. ती म्हणाली, “आणि काय गं, तुझ्या मानेवर मागे तीळ आहे, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. गोड दिसतो.”

मायेलिनचा हात मानेकडे गेला. केस मोकळे होते, नेहमीसारखे, खांद्याखाली आलेले. त्यांच्याखाली तीळ होता खरा. लहानपणी वेणी घालताना आई त्यावर बोट ठेवायची. पण आई गेली, आणि मायेलिनने या लोकांना कधी पाठ दाखवली नव्हती.

“कधी पाहिलास?” तिने विचारलं.

“आत्ताच की, मघाशी.” ओनेलियाने पेला पुढे केला. “घे, गार होईल.”

त्या रात्री तिला झोप लागली नाही. पहाटे एवढंच ठरलं की आपणही तिथे उभं राहून पाहायचं, जिथून ते पाहतात.

सकाळी वारा पडला होता. पाणी सपाट. ती कठड्यापाशी न थांबता थेट मागच्या रांगेत गेली आणि वडिलांच्या शेजारी उभी राहिली.

“आज तुम्ही करा,” ती मोठ्याने म्हणाली. “मी बघते.”

कुणी मान वळवली नाही. कुणाला नवल वाटलं नाही.

समोर कठड्याची मोकळी जागा होती, तिची रोजची. पलीकडे समुद्र.

सगळे एकदम वाकले. ओढायला लागले.

ती डोळे फाडून बघत होती. पाणी. खुंट. बेटांची रेघ. ओढणाऱ्यांचा श्वास तिला दोन्ही बाजूंनी ऐकू येत होता. एलिहिओच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या. आज जड होतं वाटतं.

मग सगळे थांबले.

हात खाली आले. प्रुदेन्सिओने टोपी काढली. एकेक करून सगळ्यांच्या हनुवट्या किंचित वर उचलल्या गेल्या, कुणी आपल्याकडे तोंड फिरवलं की आपण बघतो तशा.

समोर काहीच नव्हतं. मायेलिन शपथेवर सांगू शकली असती.

“शुभ सकाळ, बाई!” सगळे एका सुरात म्हणाले. रोज तिला म्हणायचे तसेच.

तिने वडिलांकडे पाहिलं. नेरेइदा गेल्यापासून न दिसलेलं हसू त्याच्या तोंडभर पसरलं होतं. मायेलिन शाळेतून घरी यायची तेव्हा होडीवरून तो असाच हसायचा.

“आलीस का गं पोरी?” तो समोरच्या मोकळ्या जागेला म्हणाला. “वाट बघत होतो.”

“बाबा,” मायेलिन म्हणाली. “बाबा, मी इकडे आहे.”

तो वळला. तिच्याकडे नीट, सौजन्याने बघितलं. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या परक्या माणसाकडे बघतात तसं. मग जरा सरकून त्याने तिला रांगेत जागा करून दिली आणि स्वतःची काठी तिच्या हातात दिली.

“नवीन आलात वाटतं, ताई,” तो हळूच म्हणाला, समोरच्या व्यक्तीला त्रास नको म्हणून. “संकोच करू नका. नजर फक्त समोर ठेवायची. आणि चुकलात तरी ती रागवायची नाही हो. माझी मुलगी आहे ती.”