हसण्याचा शॉट

सकाळी सहाला ईश्वरने गॅसवर रक्ताचं पातेलं चढवलं. आत्ताच घाबरू नका, घाबरायला पुढे जागा आहे. साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर, झालं रक्त तयार. पेणकरपाड्यातल्या त्या खोलीत कायम हाच वास. शेजारणींना वाटायचं, यांच्याकडे रोजच सण!

ईश्वर पिक्चरमधला मेकअपवाला आणि त्याची बायको मनोरमा पिक्चरमधलं मढं. कुणाची सासू, कुणाची विहिरीतली बाई, अशी एकतीस मरणं ती मेली होती. श्वास असा धरायची की नवा दिग्दर्शक डॉक्टरला फोन लावायचा. आणि उठली की हसायची, खदाखदा, पोट धरून. आता मात्र पाठ दुखायची, गुडघे बोलायचे.

“हे शेवटचं मढं हं,” डबा भरताना ती म्हणाली. “पुढच्या वेळी मरेन ती एकदाच.”

“माझ्याआधी मरू नकोस. चहा कोण करणार?”

“तुम्हीच करा. रक्त जमतं, चहा जमत नाही होय?”

मढ्याच्या कामाची एक रीत असते. शॉट ओके झाला की ज्याने मढं रंगवलं त्यानेच नाव घेऊन तीन हाका मारायच्या. मढ्याने उठून बसायचं, कॅमेऱ्यात बघून हसायचं. पिक्चरमध्ये ते हसणं लागत नाही, पण घ्यायचंच. नाहीतर घेतलेलं मरण अंगावर राहतं.

ही रीत एकदाच मोडली आणि मोडणारा ईश्वरच. अडतीस वर्षांपूर्वी उत्तनच्या एका बंगल्यात भुताचा पिक्चर झाला. रक्ताचा थेंब नाही त्यात. एक पांढरी चादर, खाली आनंदी नावाची पोरगी. तेवढ्यावर थेटरात लोक चपला सोडून पळाले. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी आनंदीला चादरीखाली झोप लागली होती. ईश्वर तेव्हा मस्करीत पहिला नंबर. त्याने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना चवड्यांवर बाहेर काढलं, आणि मंडळी मढ्याला एकटं सोडून घरी गेली. आनंदीला जाग आली तेव्हा हाक मारायला कुणी नव्हतं. पंधरा दिवसांत तापाने गेली. ईश्वरची मस्करी सुटली नाही, सवयच ती. पण त्यानंतर तो स्वतः कधी हसला नाही.

आता निहार नावाचा पोरगेला दिग्दर्शक तोच पिक्चर नव्याने काढत होता. त्याच बंगल्यात. पण नुसत्या चादरीला हल्ली कोण भितो? आतडी पाहिजेत, बादल्या पाहिजेत.

“काका, ब्लड कमी वाटतंय.”

“अरे, माणसात असतं पाच लिटर. मी अकरा ओतलंय.”

“ऑडियन्स मोजत नाही काका. ओता.”

बाहेर भर दुपार, वाळणाऱ्या बोंबलांचा वास. आत खिडक्यांना काळं कापड लावून रात्र केलेली. खाटेवर मनोरमा, अंगावर तोंडापर्यंत ओली लाल चादर, नुसते पाय बाहेर. पाकावर मुंग्या चढायच्या, की तिचा अंगठा हलायचा, की निहार ओरडायचा, “कट!” असे नऊ टेक झाले. सगळ्यांचे डोळे जड झाले होते. चहाची सुट्टी झाली आणि ईश्वर मागच्या मोरीत नवं रक्त कालवायला गेला.

परत आला तेव्हा चादरीखाली मढं तयार. दहावा टेक… अकरावा… पाय हलले नाहीत. ईश्वरने वाकून पाहिलं. मुंग्यांची रांग टाचेपर्यंत आली होती आणि तिथून मागे वळत होती.

“ओके! पॅकअप!”

“थांब,” ईश्वर म्हणाला. “हसण्याचा शॉट.”

“काका प्लीज, सगळे दमलेत…”

“पाया पडतो तुझ्या.”

म्हातारा खरंच वाकला. निहारने कॅमेरा लावला.

“मनोरमा, ऊठ… मनोरमा, ऊठ गं… मनोरमा…”

चादर उठून बसली. आतून हसणं आलं, खदाखदा, पोट धरून. पोरांनी टाळ्या पिटल्या. ईश्वरच्या छातीवरचा दगड उतरला.

“कुणाला हाका मारताय हो?”

आवाज मागून आला. बाजूच्या दारात मनोरमा उभी होती, गालावर पायरीची खूण. “चहाच्या वेळी चक्कर आली म्हणून बाहेर पायरीवर टेकले. डोळाच लागला बाई.”

ईश्वर परत मागे वळला. खाटेवर चादर सपाट पडली होती. तिच्यातून पाक टपकत होता.

“काय मस्करी करता काका!” निहार हसत सुटला. “दुसरी बाई झोपवली ना? मानलं तुम्हाला!”

“मस्करी नाही रे… हिचं हसणं राहिलं. परत लाव कॅमेरा.”

“नाव तिचं घेतलं, हसून झालं. चला, लाइट उतरवा.”

आयुष्यभर मस्करी केलेल्या माणसाचं खरं कोण ऐकणार? ईश्वरने स्वतःचा मोबाइल काढला. मनोरमाला त्याच खाटेवर निजवलं, हाका मारल्या. ती उठून बसली, मोबाइलकडे बघत राहिली.

“हस ना गं.”

“हसतेय की…” ओठ ताणले होते. आवाज नव्हता.

उत्तनहून बस निघाली. डोंगरी गेलं, भाईंदर आलं. ईश्वरने कंडक्टरची नक्कल केली, स्वतःच्या पडलेल्या दाताचा किस्सा सांगितला, लग्नात सासऱ्याच्या जोड्यात लाडू ठेवला होता तोही सांगितला. या किश्श्यावर ती बेचाळीस वर्षं न चुकता हसली होती. आज ती खिडकीला डोकं टेकून ऐकत होती.

“राहू द्या हो. येतच नाही. कुठेतरी ठेवून विसरल्यासारखं वाटतंय.”

“दमलीयस. झोपलीस की येईल.”

“हं…”

दिवेलागणीला ते घरी पोचले. जिना चढताना ती दोनदा थांबली. ईश्वरने खिशातून किल्ली काढली. सकाळी त्यानेच लावलेलं कुलूप तसंच होतं. किल्ली आत घातली आणि हात थांबला.

मनोरमाने त्याच्या दंडाला धरलं. दाराला कान लावून ती कितीतरी वेळ ऐकत राहिली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “आत कोण हसतंय… माझ्यासारखं?”