कातळदादाची बायको

देजॉन स्टेशनबाहेर अर्धा बर्फ आणि अर्धा पाऊस असं काहीतरी पडत होतं. चपलांच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहून प्यो हारिन स्वतःवरच चिडली होती. सकाळी वोनजूहून निघताना आकाश लख्ख होतं, म्हणून छत्री घरी ठेवली. आता दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

"थोडं सरकता का?" एक उंच तरुण छपराखाली शिरला. "एका हातात छत्री आणि एका हातात नकाशा... मला दोन्ही एकदम जमत नाही."

हारिननं त्याच्याकडे पाहिलं, मग छत्रीकडे. छत्री फिकट जांभळी होती आणि कडेनं चांगली बोटभर झालर होती.

"छान आहे हो छत्री."

"बहिणीची आहे," तो लगेच म्हणाला. फारच लगेच.

"मी कुठे काय विचारलं?"

"विचारलं नाहीत... पण बघितलंत."

ती हसली. त्यालाही मागच्या गल्लीतच जायचं होतं, निखाऱ्यावर मांस भाजून खायच्या त्याच हॉटेलात. कशासाठी, ते दोघांनीही सांगितलं नाही. कमावत्या वयाची माणसं अशी गोष्ट अनोळखी माणसाला सांगत नाहीत. झालरीखालून दोघं चालू लागली. गल्लीच्या तोंडाशी हारिनच्या लक्षात आलं, की आपण कोरड्याठाक आहोत आणि याचा डावा खांदा मात्र पार भिजलाय.

हारिनला तो आवडला. इतक्या पटकन कुणी आवडणं बरं नसतं हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असून उपयोग काय?

ती देजॉनला आली होती घटस्फोट घ्यायला. खऱ्या नव्हे, 'चांदणमहाल'मधल्या लग्नाचा.

'चांदणमहाल – खास मुलींसाठी' अशा गुलाबी जाहिराती त्या वर्षी देशभर लागल्या होत्या. राक्षस, किल्ले, जादू सगळं होतं त्या ऑनलाइन खेळात. फक्त मुलीचं रूप घेतलं, तर वैदीण व्हायचं, नाहीतर शिंपीण, नाहीतर नर्तकी. कुऱ्हाड हवी तर पुरुषाचं रूप घ्या. मुलींना रक्त बघवत नाही, असं कंपनीचं म्हणणं. हे ठरवणाऱ्याच्या घरात एकही बाई नसावी.

हारिनला कुऱ्हाडच हवी होती. तिनं दाढीवाला, दरवाजाएवढा रुंद गडी घेतला आणि त्याचं नाव ठेवलं कातळ. नगरपालिकेच्या कचेरीत ती सगळ्यांत धाकटी आणि बाई, म्हणून पाहुणे आले की नासपती सोलायला तिलाच हाक यायची. चांदणमहालात कातळ 'चला' म्हणाला की अख्खी टोळी निघायची. तिथे कातळला नासपती सोलायला कुणी सांगत नसे.

त्या खेळात नवराबायकोला जास्तीचं बळ मिळतं, म्हणून टोळीतल्या दवबिंदू नावाच्या वैदिणीशी कातळनं लग्न केलं. व्यवहार म्हणून. पण मोहीम संपल्यावर गप्पा व्हायला लागल्या, आणि हल्लीच दवबिंदूनं लिहिलं होतं – 'तुम्ही पुढे असलात की मला भीती वाटत नाही.' हारिनला ते वाचून आधी बरं वाटलं, मग अपराधी वाटलं. कुणा बिचाऱ्या मुलीचा जीव आपल्या खोट्या दाढीत अडकला असेल तर? म्हणून आज टोळीच्या मेळाव्यात तिला गाठायचं आणि खरं सांगून मोकळं व्हायचं, असं तिनं ठरवलं होतं. तेवढं सांगितलं, की कातळ मात्र संपणार होता. मागे एकदा एक कुऱ्हाडवाला मुलगी निघाला, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला 'तू मागे राहा हं' असं सांगायला लागले होते.

हॉटेलच्या दारावर कागद चिकटवला होता – 'चांदणमहाल, लोणच्याची टोळी'. दोघंही थबकली.

"तुम्ही पण...?"

उत्तर द्यायला कुणाला सवडच मिळाली नाही. टोळीच्या प्रमुख मुळामावशी धावत आल्या. पेठेत त्यांचं लोणच्यांचं दुकान होतं आणि खेळातलं त्यांचं नाव होतं खारवलेला मुळा. गळ्यात घालायच्या नावाच्या पाट्या त्यांच्या हातात होत्या.

"अगंबाई, एका छत्रीतून आले! मला सांगायला नको, जोडी लगेच ओळखली मी!" असं म्हणत त्यांनी 'कातळ' ही पाटी त्या तरुणाच्या गळ्यात घातली आणि 'दवबिंदू' हारिनच्या.

टाळ्या पडल्या. हारिन वाट बघत राहिली, की हा आता म्हणेल, 'मावशी, मी कातळ नाही.' त्यानं तोंड उघडलं, हारिनकडे पाहिलं... आणि मिटलं.

लबाड! छत्री बहिणीची, आणि नाव माझं! पण त्याला खोटं पाडायचं, तर आधी स्वतःला उघडं पडावं लागणार. ती मूग गिळून बसली. त्याच्याच शेजारी बसावं लागलं, कारण नवराबायको.

समोर टोळीतला अंगार बसला होता. नुकताच सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून आलेला, केस अजून अर्धा इंच, आवाज मात्र भरपूर.

"वहिनी, चिमटा तुम्ही घ्या," त्यानं हारिनच्या हातात चिमटा आणि कात्री दिली. "वैदिणीचा हात मऊ असतो. दादा, त्या हिमगुहेचं दार तुम्ही एकट्यानं कसं धरलंत, सांगा ना!"

"धरलं... म्हणजे... घट्ट धरलं," तो म्हणाला.

हारिनला त्याला चिमट्यानंच मारावंसं वाटलं. दार डाव्या खांद्यानं धरलं होतं, आणि कुऱ्हाड उलटी रोवून! रागात तिनं मांसाचे पहिले तुकडे कोळसा केले आणि दुसरे कच्चेच उलटायला घेतले.

"थांबा..." शेजारून अगदी हळू आवाज आला. तो तिच्याकडे न बघता जाळीकडे बघत होता. "थांबा... आता."

तिनं उलटलं. तुकडा सोन्यासारखा खरपूस निघाला.

"थांबा... आता."

हारिनचा हात हवेतच राहिला. हे शब्द तिनं पडद्यावर किती वेळा वाचले होते! कातळ घायकुतीला यायचा आणि खाली दवबिंदूची अक्षरं उमटायची – थांबा... आता. आणि त्या 'आता'ला घातलेला घाव कधी फुकट गेला नव्हता.

ती सावकाश त्याच्याकडे वळली. "छत्री बहिणीची नाही ना?"

"मला बहीणच नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि तुम्हाला दम धरवत नाही. माझ्या नवऱ्यालाही... अजिबात धरवत नाही."

दोघंही जाळीकडे बघत राहिली. मांस पुन्हा करपलं.

"दाढी कुठे ठेवलीत?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"घरी. तुमची झालर?"

"छत्रीला आहे की."

हारिनला हसू आवरेना. तिनं खोकल्याचं सोंग केलं, तर त्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला, अगदी वेळेवर. त्याचं नाव कू तेयुल. तो ग्वांगजूत बॉयलर दुरुस्त करायचा.

"दिवसभर तळघरात, काजळीत," तो कुजबुजला. "संध्याकाळी काहीतरी सुंदर घालावंसं वाटतं हो. आणि मला कुणाला मारायला आवडत नाही. माणसं जिवंत ठेवायला आवडतात. पुरुषाच्या रूपात ते करूच देत नाहीत."

"आणि ते भीतीचं लिहिलं होतंत..."

"खरं लिहिलं होतं." मग जाळीकडे बघत – "मी आज सांगायला आलो होतो. की मी बाई नाही. फसवल्यासारखं वाटत होतं."

"मीही तेच सांगायला आले होते!"

"मग सांगून टाकू या सगळ्यांना."

"नको!" तिनं त्याची बाही पकडली. "आज नको. मावशींचे गुडघे गेलेत. त्या आज टोळी दुसऱ्याच्या हाती देणार आहेत."

"तुमच्याच हाती देतील."

"कातळच्या देतील. माझ्या नाही."

त्यानं अंगारकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या चिमट्याकडे. मग 'बरं' म्हणून मान हलवली.

जेवणानंतर रिवाजाप्रमाणे सगळी वरात शेजारच्या पीसी-बांगमध्ये गेली, तासाच्या भाड्यानं संगणकावर खेळायच्या जागेत. पडद्यांची ओळ, मऊ खुर्च्या आणि इन्स्टंट नूडल्सचा वास. मोहीम लागली काळ्या बुरुजावर. पाट्या उलट्या, म्हणून एकमेकांचे पासवर्ड हळूच विचारून तेयुल कातळ घेऊन बसला आणि हारिन दवबिंदू. कुठलं बटण दाबायचं ते एकमेकांना सांगत, कोपरानं ढोसत दोघांनी जमेल तेवढं केलं. जमत काहीच नव्हतं. दवबिंदूचं औषध राक्षसालाच लागलं. कातळ दारातच मेला. पुन्हा गेले, पुन्हा मेला.

"दादा, आज झालंय काय?" अंगार हसला. "बायको शेजारी बसली की हे असंच होतं. म्हणून मी म्हणतो, पोरींनी मागे राहावं, गोड बोलावं, मलम लावावं. एवढं सोपं काम, तेही वहिनींना जमेना!"

काहीजण हसले. मुळामावशी चष्मा पुसत म्हणाल्या, "बरं बाबांनो, माझं वय झालंय. मला वाटलं होतं कातळला सांगावं, पण... आज त्याचं लक्ष नाही. अंगार, तू घेशील का रे टोळी?"

हारिनचे कान तापले. किती महिने तिनं या माणसांना बर्फातून, आगीतून ओढून बाहेर काढलं होतं, आणि आता ते सगळं या अर्ध्या इंचाच्या केसांखाली जाणार. तिनं तेयुलकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तर सगळं उघड झालं असतं. तो बोलला नाही. फक्त तिच्याकडे झुकला.

"नाव तुमचं आहे. तुम्ही सांगितलंत तर मी पण सांगतो. नाहीतर... मी आहे ना, असाच मरत राहीन."

हारिन उठली.

"उठा."

"अं?"

"माझ्या जागेवरून उठा."

तो उठला. खुर्च्या बदलल्या. "मावशी, एकदा अजून," एवढंच म्हणून तिनं कुऱ्हाड घेतली. बुरुजाचं दार डाव्या खांद्यानं धरलं. शेजारून आवाज यायला लागला, या वेळी लिहून नव्हे, खराखुरा, तिच्या कानापासून वीतभर अंतरावर – "थांबा... थांबा... आता!"

बुरुज पडला.

अंगार खुर्ची फिरवून हारिनकडे बघायला लागला.

"म्हणजे," अंगार अडखळत म्हणाला, "कातळदादा... तुम्ही? पण मी दादांना जे सांगितलं... सैन्यात रडलो होतो ते..."

"कुणाला बोलले नाही. बोलणारही नाही," हारिन म्हणाली.

"आणि दवबिंदू?" त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सणासुदीला दवबिंदूला फुलं पाठवणारा, 'त्या दाढीवाल्याला सोड' असं लिहिणारा अंगारच होता, हे टोळीत सगळ्यांना माहीत होतं.

तेयुलनं हात वर केला. "फुलं छान होती. खरंच."

आता मात्र हशा पिकला आणि अंगार जॅकेट उचलून तरातरा निघाला. "बाईच्या हाताखाली मी राहायचो नाही!" दारातून तो ओरडला. त्याच्यामागे आणखी काहीजण गेले. एकानं तर जाताना हारिनकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याच्या खिशातून काही चोरलं होतं. ते तिला लागलं. लागणारच.

मुळामावशी उरलेल्यांकडे बघत बसल्या. "मी स्वतः बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि पाट्या घालताना मला काय सुचलं? उंच तो कातळ, आणि नाजूक ती वैदीण. हात जोडते गं पोरी तुला. घे टोळी. माणसं थोडी राहिलीत, पण मुरलेली आहेत."

संध्याकाळी स्टेशनाजवळच्या बेकरीसमोर नेहमीची लांब रांग होती. देजॉनला येऊन पावाचा डबा न घेता परत गेलं तर घरचे आत घेत नाहीत. हारिनची गाडी वेगळी, तेयुलची वेगळी, पण रांग एकच होती आणि दोघांनाही ती लांब असल्याचं वाईट वाटत नव्हतं.

"तुमचं वय काय?" त्यानं विचारलं. "म्हणजे... किती अदबीनं बोलायचं ते कळेल."

तिनं सांगितलं. ती वर्षानं मोठी निघाली.

"अरेरे. मग मला ताई म्हणावं लागेल."

"म्हणून तर बघ!" ती इतक्या जोरात म्हणाली, की पुढची बाई मागे वळली.

तो हसला. मग बुटांकडे बघत म्हणाला, "तू आज लग्न मोडायला आली होतीस ना?"

"हो. आणि तू?"

"मीही. खरं तर मागेच मोडणार होतो. खूप शोधलं." त्यानं मान खाजवली. "पण बायकोच्या बाजूला ते बटणच नाही. कंपनीनं दिलेलंच नाही. घटस्फोट फक्त नवरा मागू शकतो."

हारिन त्याच्याकडे बघतच राहिली. तिला हे माहीतच नव्हतं. तिच्या पडद्यावर ते बटण रोज असायचं, वर कोपऱ्यात, लाल. इतके दिवस हा माणूस तिच्या एका बोटावर अवलंबून होता, आणि तरी रोज संध्याकाळी येऊन तिला जिवंत ठेवत होता.

"म्हणजे माझ्याच हातात आहे?"

"तुझ्याच." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काय करतेस...?"

रांग पुढे सरकली. ती दोघं सरकली नाहीत. मागून कुणीतरी 'चला की हो' म्हणालं.

"खेळातलं राहू दे," हारिन म्हणाली, "पण हे दुसरं, आज छपराखाली सुरू झालेलं... त्याला दोन्हीकडे बटण ठेवू. तुझ्याकडे एक, माझ्याकडे एक."

"आणि कुणी दाबलंच नाही तर?"

"तर नाही दाबलं," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून रांगेत पुढे सरकली.