ठिबक आणि आजोबांची नळी

सन २०६१. दुपारचं जेवण सुरू होऊन दीड तास झाला, तरी आजोबांच्या वाटीतला आमरस संपला नव्हता. इतका वेळ जेवूनही वजनकाटा दर आठवड्याला खालीच! शाल्मलीला हे कोडं सुटेना.

"सोपं आहे," घरचा यंत्रमानव बोरू म्हणाला. "आजोबांच्या चालक चेतापेशी (मेंदूचा निरोप स्नायूंना पोचवणाऱ्या पेशी) आजारानं झिजताहेत. गिळण्याचे स्नायू दमतात, म्हणून पोटात जातं ते पुरत नाही. डॉक्टर खांबेटे म्हणूनच जठरनळी (पोटाच्या कातडीतून थेट जठरात अन्न नेणारी नळी) बसवा म्हणतात. श्वास दमदार आहे तोवर त्यात धोका कमी. आज चार वाजता त्या उत्तर विचारणार आहेत."

आजोबा फळबागांचे शास्त्रज्ञ, पण हट्टीपणात आंब्याच्या कोयीपेक्षा टणक. डोळ्यांनी अक्षरं निवडली की त्यांची खुर्ची त्यांच्याच आवाजात बोलायची. "नको! मी आकडे पाहिलेत. नळीवाले बिननळीवाल्यांच्या आधी जातात."

आकडे खरे असतील तर? शाल्मलीनं बोरूकडून तेच आकडे भिंतीवर मागवले आणि वाचता वाचता ताडकन उठली.

"आजोबा! नळी बसवली तेव्हा यातले बहुतेक जण आधीच खंगलेले होते. रोपवाटिकेतल्या सदूकाकांची गोष्ट तुम्हीच सांगता ना? त्यांनी फक्त सुकत आलेल्या रोपांना ठिबक लावलं. ती रोपं मेली, तर म्हणे ठिबकनं रोपं मरतात! केवढं झापलंत तुम्ही त्यांना!"

शाल्मली बोरूकडे वळली.

"बोरू, आता सारख्या तब्येतीच्या माणसांचीच तुलना कर."

बोरूचे दिवे लुकलुकले. "वेळेवर नळी बसवणाऱ्यांचं पारडं जरा जड दिसतंय. पण छातीठोक सांगत नाही. नळीनं आजार बरा होत नाही, उपासमार थांबते."

आजोबांचे डोळे अक्षरांवरून भराभर फिरले. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! सदूची माफी मागायला हवी. डॉक्टरीणबाईंना हो कळव. पण चमचाभर आमरस तोंडानंच हं!"

"तेही त्यांनाच विचारू. आणि जेवणातला वाचलेला वेळ माझा!" शाल्मली आनंदानं नाचायलाच लागली.

"तुझाच. आंब्याचं कलम बांधायला शिकवतो. हात तुझे, डोळे माझे."

"पण आजोबा, कलमाला फळ धरायला चार वर्षं लागतात."

"म्हणूनच," खुर्ची म्हणाली, "उशीर करायचा नाही."